फोटो एडिटिंगच्या त्याच त्या स्टेप्स रेकॉर्ड करून चालवणे : ॲक्शन, बॅच, मॅक्रो

निळी दौत

मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्या आजोबांच्या हाताने लिहिलेल्या जुन्या वह्या आहेत, एकूण अकरा, त्यांच्या सगळ्या पानांचे मी मोबाइल स्टँडला लावून वरून फोटो काढले, १,१४८ फोटो झालेत. आता प्रत्येक फोटोवर तेच तेच करायचंय, सरळ फिरवायचा, कडेला दिसणारं टेबल कापायचं, पिवळट पडलेला कागद थोडा उजळ करायचा, जरासा शार्प, मग लांब बाजू २००० पिक्सेलची करून जेपेग सेव्ह. एका फोटोला मला दोन मिनिटं लागतात म्हणजे सगळे मिळून अडतीस तास होतात, आणि साठ-सत्तर फोटो झाल्यावर लक्षात आलं की माझ्या हाताचं काम एकसारखं राहतच नाही, सकाळी केलेली पानं वेगळी दिसतात आणि रात्री केलेली वेगळी.

म्हणून फोटोशॉपमध्ये ॲक्शन पॅनेल उघडलं, गोल बटण दाबून रेकॉर्डिंग चालू केलं, एक फोटो मन लावून नीट केला आणि थांबवलं. त्या फोटोवर परत चालवलं तर सुंदर चालतं. दुसऱ्या फोटोवर चालवलं तर मजकुराची उजवी कड कापली गेली. तिसरा आडवा होता, तो भलताच कापला. चौथा मी आधी पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) करून ठेवला होता, त्यावर "द ऑब्जेक्ट लेयर बॅकग्राउंड इज नॉट करंटली अव्हेलेबल" असं म्हणून थांबलं. तरी नेट लावून वीस फोटोंच्या फोल्डरवर बॅच (तीच ॲक्शन सगळ्या फोटोंवर ओळीने) चालवून पाहिली तर फोल्डरमध्ये शेवटी एकच फाइल, सगळे फोटो एकाच नावाने एकमेकांवर सेव्ह होत गेले. कॉपीवर करत होते म्हणून वाचले. नक्की कुठे चुकतंय?

कळफलक

चांगलं काम हातात घेतलंय ताई, आधी त्याबद्दल अभिनंदन. सविस्तर लिहितो कारण हे चार वेगवेगळे प्रश्न दिसत असले तरी मूळ एकच आहे.

ॲक्शन ही सोय फोटोशॉपमध्ये १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे आणि तिचा मूळ स्वभाव आजही तोच आहे, तुम्ही जे केलंत ते आकड्यात आणि नावात लिहून ठेवायचं. का केलंत ते तिला माहीत नसतं. आत्ता एक करा, पॅनेलमध्ये तुमच्या ॲक्शनच्या प्रत्येक स्टेपच्या डावीकडे छोटा बाण आहे तो उघडा आणि आत काय लिहिलंय ते वाचा. क्रॉपच्या खाली असं काहीतरी दिसेल, टॉप २१२ पिक्सेल, लेफ्ट ३४० पिक्सेल वगैरे. तुमच्या डोळ्याने ठरवलं होतं "टेबल दिसायला नको", मशीनने लिहून घेतलं ३४०. पुढच्या फोटोत वही दोन बोटं सरकलेली असली तरी ते ३४० वरच कापणार. आपली ॲक्शन अशी वाचायची सवय लागली की निम्म्या अडचणी चालवायच्या आधीच दिसतात, मला ही सवय फार उशिरा लागली आणि तोवर पुष्कळ रात्री वाया गेल्या म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आता एकेक. रेकॉर्ड करायच्या आधी रूलरवर राइट क्लिक करून युनिट परसेंट करा, मग क्रॉप, सिलेक्शन सगळं टक्क्यात लिहिलं जातं आणि फोटो लहान-मोठा असला तरी प्रमाण टिकतं. अर्थात वही सरकलेली असेल तर टक्केसुद्धा चुकणारच, त्याचा उपाय खाली सांगतो.

आकार बदलायला इमेज साइज वापरू नका. तिथे तुम्ही रुंदी २००० टाकली की ती रुंदीच धरून बसते, उभ्या फोटोचीही रुंदी २००० करते आणि उंची त्याहून कितीतरी जास्त होते. त्याऐवजी फाइल मेनूत ऑटोमेट, त्यात फिट इमेज, दोन्ही रकान्यात २००० लिहा. आडवा असो की उभा, लांब बाजू २००० ची होते. आणि "डोंट एन्लार्ज" ला टिक करा म्हणजे एखादा फोटो आधीच लहान असेल तर तो उगाच ताणला जाणार नाही.

लेयर म्हणजे फोटोतला एक थर, तो माउसने क्लिक करून निवडलात की त्याचं नाव रेकॉर्ड होतं. जेपेग उघडली की लेयरचं नाव बॅकग्राउंड असतं म्हणून तिथे चाललं, तुमच्या पीएसडीत त्याचं नाव बदललंय म्हणून अडलं. लेयर निवडायचाच असेल तर कीबोर्डने निवडा, ऑल्ट धरून स्वल्पविराम दाबला की सगळ्यात खालचा आणि ऑल्ट धरून पूर्णविराम दाबला की सगळ्यात वरचा, मग नावाऐवजी जागा लिहिली जाते. तुमच्या कामात मुळात एकच लेयर आहे, निवडायची गरजच नाही, ती स्टेप सरळ उचलून पॅनेलच्या कचरापेटीत टाका.

आणि एकाच नावाचं कारण म्हणजे रेकॉर्ड करताना सेव्ह ॲजच्या खिडकीत तुम्ही नाव टाइप केलं असणार. टाइप केलेलं नाव ॲक्शनचा भाग होतं. नावाला हात न लावता फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन सेव्ह दाबायचं.

तिसरा डोळा

कळफलक यांनी उत्तम लिहिलंय. मी फक्त बॅचच्या खिडकीबद्दल लिहिते कारण तिथेच माझं कायमचं नुकसान झालंय.

त्या खिडकीत डेस्टिनेशन म्हणून तीन पर्याय आहेत, नन, सेव्ह अँड क्लोज आणि फोल्डर. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका कार्यक्रमाचे ३८० फोटो सगळ्यांना पाठवायला ८०० पिक्सेलचे करायचे होते, मी सेव्ह अँड क्लोज निवडलं कारण मला वाटलं सेव्ह म्हणजे कुठेतरी बाजूला सेव्ह होईल. त्याचा अर्थ मूळ फाइलवरच सेव्ह. दहा-बारा मिनिटांत ३८० मूळ फोटो ८०० पिक्सेलचे झाले, कॅमेऱ्याचं कार्ड आदल्याच दिवशी फॉरमॅट केलेलं. त्यातल्या दोन माणसांचे ते शेवटचे फोटो आहेत आणि ते आता मोठे छापता येत नाहीत. अनडू तिथे कामाचं नसतं कारण फाइल बंद झालेली असते.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे, मूळ फोटो वेगळ्या ड्राइव्हवर, फोल्डर रीड-ओन्ली, बॅच फक्त कॉपीवर, आणि डेस्टिनेशन कायम फोल्डर, तोही रिकामा नवा फोल्डर. ताई, तुमच्या वह्यांचे कागद पुन्हा उलगडून फोटो काढता येतील की नाही सांगता येत नाही, तेव्हा हे आधी करा मग बाकीचं.

आणि एक, त्याच खिडकीत "ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स" असा चौकोन आहे. ॲक्शनमध्ये सेव्ह ॲजची स्टेप असेल तर त्याला टिक करा, म्हणजे जेपेगची क्वालिटी तुम्ही रेकॉर्ड केलेली वापरली जाते पण जागा आणि नाव बॅचच्या खिडकीतलं. ॲक्शनमध्ये सेव्ह ॲज नसताना टिक केलंत तर मात्र काहीच सेव्ह होणार नाही. ओपनसाठीही तसाच एक चौकोन आहे, तुमच्या ॲक्शनमध्ये फाइल उघडायची स्टेप नसेल तर त्याला टिक करू नका. खाली एरर्समध्ये "लॉग एरर्स टू फाइल" निवडा, नाहीतर रात्री लावून झोपलात आणि चाळिसाव्या फोटोला काही अडलं तर सकाळी तो मेसेज तसाच तुमची वाट बघत असतो.

एकओळी

मला विचाराल तर एवढ्या फोटोंसाठी फोटोशॉप उघडूच नये. इमेजमॅजिक हे फुकट आणि ओपन सोर्स आहे, १९९० पासून लोकांना उपलब्ध आहे, एका ओळीत सगळं होतं, फिरवणं, लेव्हल, आकार, शार्प, क्वालिटी. रेकॉर्डिंगची भानगडच नाही, जे लिहिलं ते डोळ्यासमोर असतं, सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं, कुणाला मेलमध्ये पाठवता येतं. आकाराच्या आकड्यापुढे "पेक्षा मोठं" चं चिन्ह टाकलं की फक्त मोठे फोटोच लहान होतात. फक्त त्यातली मॉग्रिफाय कमांड मूळ फाइलवरच लिहिते, तिला पाथ देऊन वेगळा फोल्डर सांगायला विसरू नका, तिसरा डोळा यांनी लिहिलंय तोच धोका इथेही आहे.

कळफलक

एकओळी, आकार आणि फॉरमॅट बदलायला मीही तेच वापरतो, पण ताईंच्या कामात क्रॉप आहे आणि क्रॉप डोळ्याने ठरवावा लागतो. ॲक्शनची खरी ताकद मला तिथे वाटते, कारण ती मधेच थांबवता येते. स्टेपच्या शेजारी एक छोटी चौकट असते, तिथे क्लिक केलं की डायलॉगचं चिन्ह उमटतं. क्रॉपपुढे ते चिन्ह लावलं की बॅच प्रत्येक फोटोला फक्त क्रॉपपाशी थांबते, तुम्ही चौकट सरकवायची, एंटर मारायचा, बाकी फिरवणं-उजळणं-सेव्ह सगळं आपोआप. दोन मिनिटांचं काम पाच-सहा सेकंदांवर येतं आणि जिथे माणसाची नजर लागते तिथे माणूसच राहतो.

तरी १,१४८ वेळा एंटर मारणं जास्तच आहे. स्टँड तोच असेल तर एका वहीतली डावी पानं साधारण एकाच जागी आलेली असणार आणि उजवीही. वहीप्रमाणे फोल्डर करा, त्यात डावी-उजवी वेगळी करा, आणि प्रत्येक गटाला क्रॉपची आपली वेगळी ॲक्शन, चारी बाजूंना जरा सैल. बाकीच्या स्टेप्सची एकच ॲक्शन ठेवा आणि प्रत्येक क्रॉपच्या ॲक्शनमध्ये शेवटी ती प्ले करा, ॲक्शनमधून दुसरी ॲक्शन चालवणंसुद्धा रेकॉर्ड होतं. मग उजळपणा बदलायचा झाला तर एकाच जागी बदलावा लागेल.

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळेत काम करते आणि आमच्याकडे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो शेकड्याने असतात, आम्ही इमेजजे हा अशा फोटोंसाठीचा प्रोग्रॅम वापरतो. त्यात प्लगइन्सच्या मेनूत मॅक्रोज (नोंदवून ठेवलेल्या स्टेप्स) आणि त्यात रेकॉर्ड असं आहे, ते चालू केलं की एक खिडकी उघडते आणि तुम्ही प्रत्येक क्लिक केलात की तिथे त्याची एक ओळ टाइप होऊन येते. म्हणजे एकओळी म्हणतात तसं वाचता येणारं आणि कळफलक म्हणतात तसं करून दाखवलेलं, दोन्ही एकत्र. तिथेही पहिल्या दिवशी सगळे त्याच खड्ड्यात पडतात, खिडकी निवडली की फाइलचं नाव ओळीत येतं आणि दुसऱ्या फाइलवर मॅक्रो अडतो, मग ते नाव हाताने काढून टाकायचं.

पण मला सांगायचंय ते उजळपणाबद्दल. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीत ऑटो दाबलं तर रेकॉर्डरमध्ये येतं "एन्हान्स कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेटेड ०.३५", आणि सेट दाबून आकडे दिले तर येतं "सेट मिन अँड मॅक्स" आणि ते दोन आकडे. दिसायला पहिल्या फोटोवर दोन्हींचा परिणाम एकच दिसू शकतो. पण पहिली ओळ म्हणजे प्रत्येक फोटो बघून नव्याने ठरव, दुसरी म्हणजे सगळ्यांना हेच लाव. मी एकदा पूर्ण मालिका ऑटोवर चालवली, जिथे पेशी कमी चमकत होत्या तेही फोटो ऑटोने तेवढेच चमकदार करून टाकले आणि ज्या फरकासाठी प्रयोग केला होता तोच फरक डोळ्याला दिसेनासा झाला. मोजमाप मूळ आकड्यांवर केलं होतं म्हणून निभावलं, पण ते फोटो सगळे परत करावे लागले.

फोटोशॉपमध्येही हेच आहे, लेव्हल्समध्ये (काळं-पांढरं कुठून धरायचं ते ठरवायची खिडकी) ऑटो दाबून ओके केलंत की फोटोगणिक निर्णय, हाताने बाण सरकवलेत की ठरलेले आकडे. ताईंनी सगळे फोटो एकाच प्रकाशात काढले असतील तर आकडेच वापरावेत, नाहीतर शाई सांडलेलं किंवा अर्धं कोरं पान शेजारच्या पानापेक्षा वेगळ्याच रंगाचं दिसेल.

उंबरठा

वाचतोय, फार उपयोगी धागा. गिंप या फुकट फोटो एडिटरमध्ये असं रेकॉर्ड करता येतं का कुणाला माहीत आहे?

एकओळी

उंबरठा, नाही, गिंपमध्ये असा रेकॉर्डर नाही. शेवटचा फिल्टर कंट्रोल एफने परत लावता येतो, आणि त्यापुढे स्क्रिप्ट-फू किंवा पायथनमध्ये लिहावं लागतं. फक्त आकार, नाव, फॉरमॅट बदलायचं असेल तर विंडोजवर इरफानव्ह्यू पुरेसा आहे, उघडून बी दाबलं की बॅचची खिडकी येते.

निळी दौत

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मूळ फोटोंच्या दोन कॉप्या केल्या, एक घराबाहेर ठेवली. नावाचा आणि लेयरचा प्रश्न सुटला, फिट इमेज तर फारच आवडलं. वहीप्रमाणे फोल्डर केले. सगळे फोटो खिडकीपासून दूर, एकाच दिव्याखाली काढले होते म्हणून लेव्हल्सला ठरलेले आकडे दिले, पांढऱ्याचा बाण २०५ वर आणला (त्याहून उजळ ते सगळं पांढरं होतं), कागद छान स्वच्छ दिसतोय.

आता अडकलंय ते फिरवण्यापाशी. काही फोटो आडवे उघडतात काही उभे, आणि त्यात काही क्रमच नाही, लागोपाठच्या दोन पानांतही फरक. मी मोबाइल हलवलेलाच नव्हता.

तिसरा डोळा

मोबाइल हलवला नव्हता तेच कारण आहे. फोन खाली तोंड करून सपाट धरला की वरची बाजू कुठली हे त्याच्या सेन्सरला कळत नाही, आधी जी दिशा धरली होती तीच फाइलमध्ये लिहितो, मधे जरा धक्का लागला की बदलतो. फोटो तोच, फक्त फाइलमधली दिशेची नोंद वेगळी, आणि फोटोशॉप उघडताना ती नोंद पाळतं.

तुमच्या वह्या उभ्या आहेत असं धरते. ॲक्शन पॅनेलच्या मेनूत "इन्सर्ट कंडिशनल" आहे, सीएस६ च्या नंतरच्या क्रिएटिव्ह क्लाउडच्या आवृत्त्यांमध्ये. त्यात डॉक्युमेंट लँडस्केप असेल तर अमुक ॲक्शन चालव, नसेल तर काही नको, असं सांगता येतं. नव्वद अंशात फिरवायची एक स्टेपची छोटी ॲक्शन आधी करून त्याच सेटमध्ये (पॅनेलमधला ॲक्शन्सचा फोल्डर) ठेवा आणि मुख्य ॲक्शनच्या अगदी सुरुवातीला हे कंडिशनल टाका, क्रॉपच्या आधी. फक्त आडव्या फोटोत काही डावीकडे कललेले आणि काही उजवीकडे असतील तर अर्धे उलटे होतील, ते मशीनला ओळखता येत नाही. थंबनेलमध्ये बघून ते हाताने वेगळे करावेच लागतील.

कळफलक

आणि एवढं सगळं बनवलंय तर ते आजच्या आज बाहेर सेव्ह करा. नवी ॲक्शन फोटोशॉप नीट बंद होताना डिस्कवर लिहिली जाते, मधेच क्रॅश झालं तर गेली. पॅनेलमध्ये ॲक्शन निवडून सेव्ह ॲक्शन्स बघितलंत तर ते पुसट दिसेल, ॲक्शनच्या वरचा सेटचा फोल्डर निवडायचा, मग सेव्ह होतं, डॉट एटीएन अशी फाइल मिळते. ती फाइल वह्यांच्या फोटोंशेजारीच ठेवा.

निळी दौत

झालं! म्हणजे जवळजवळ. आडव्यांपैकी २३ उलटे निघाले ते वेगळे फिरवले. नऊ वह्या प्रत्येकी दोन-दोन ॲक्शनमध्ये बसल्या, सगळ्या मिळून सव्वा तासात झाल्या. उरलेल्या दोन वह्यांची शिवण सुटलीय, पानं तिरकी येतात, त्यांना क्रॉपपाशी थांबायचं चिन्ह लावून स्वतः बसून केलं, त्याला एक दुपार लागली पण कंटाळा आला नाही कारण प्रत्येक पान नीट बघायला मिळालं.

आणि त्या बघण्यातच एक सापडलं. समासात आजोबांनी पेन्सिलने बारीक नोंदी केल्यात, कुठे तारीख, कुठे एखादा शब्द खोडून दुसरा सुचवलेला. मूळ फोटोत त्या अगदी फिकट आहेत, आणि माझ्या २०५ ने कागदाबरोबर त्याही पांढऱ्या करून टाकल्या. पहिल्यांदा आकडे ठरवताना जे पान समोर होतं त्यावर पेन्सिल नव्हती म्हणून मला कळलंच नाही. सगळ्या वह्यांत तेच झालंय. आता लेव्हल्सची ती स्टेप नव्याने रेकॉर्ड करावी लागेल का सगळी ॲक्शन?

कळफलक

काहीच नव्याने नको. पेन्सिलच्या नोंदी असलेलं सगळ्यात फिकट पान उघडा, पॅनेलमध्ये लेव्हल्सच्या स्टेपवर डबल क्लिक करा, खिडकी उघडेल, पांढऱ्याचा बाण उजवीकडे सरकवत जा आणि नोंद वाचता आली की थांबा, ओके. तोच नवा आकडा ॲक्शनमध्ये बसतो आणि ती ॲक्शन एकच असल्याने सगळ्या क्रॉपच्या ॲक्शनना तो लागू होतो. मग मूळ फोटोंवरून परत चालवा, आधी झालेल्या जेपेगवरून नको, त्यात पेन्सिल आता उरलेलीच नाही.

सूक्ष्मदर्शी

आकडा ठरवताना सगळ्यात फिकट, सगळ्यात काळं आणि अर्धं कोरं अशी तीन पानं तरी शेजारी ठेवा. आणि दोन तिरक्या वह्यांचा क्रॉप परत करावा लागू नये यासाठी पुढच्या वेळी क्रॉप झाल्यावर लगेच एक कॉपी पीएसडी किंवा टिफमध्ये सेव्ह करायची स्टेप टाका, उजळायच्या आधी.

निळी दौत

२३२ वर थांबले. कागद थोडा पिवळा राहतो पण "इथे काना नको" असं समासात लिहिलंय ते स्वच्छ वाचता येतंय. टिफची स्टेप टाकली, दोन तिरक्या वह्यांचा क्रॉप उद्या परत करते, बाकीच्या नऊ आत्ता लावल्यात, सहावी वही चालू आहे.